या गोष्टीचं वय काय?

१९३६ सालचा ऑक्टोबर. लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांच्याकडे ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकानं लिहिलेलं बालकादंबरीचं हस्तलिखित येऊन पडलं होतं. छापावं की परत पाठवावं? अनविन यांचं एक ठाम मत होतं: मुलांचं पुस्तक तपासायचं तर मुलानंच. त्यांनी ते बाड घरातल्याच एका परीक्षकाकडे सोपवलं. परीक्षकाचं नाव रेनर, नातं मुलगा, वय दहा वर्षं, मानधन एक शिलिंग. रेनरनं सगळं वाचलं आणि स्पेलिंगच्या चुका करत एक छोटासा अहवाल लिहून दिला. पुस्तक चांगलं आहे, नकाशे दिले तर चित्रांची गरज नाही, आणि पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना ते आवडेल, असा त्याचा एकूण निर्वाळा. पुढच्या सप्टेंबरात टॉल्किन यांचं ‘द हॉबिट’ बाजारात आलं. पहिली आवृत्ती १५०० प्रतींची होती. वर्ष संपायच्या आत ती संपली.

प्रकाशनाच्या इतिहासात एका शिलिंगाचं इतकं चीज क्वचितच झालं असेल! पण आपल्याला अडकायचंय ते ‘पाच ते नऊ’ या दोन आकड्यांपाशी. स्वतः दहा वर्षांचा असलेला हा पठ्ठ्या पुस्तक शेवटपर्यंत वाचतो, आणि वर ते आपल्यापेक्षा लहानांच्या नावावर करून मोकळा होतो. दहा वर्षांच्या मुलाचा इतका अस्सल बाणा दुसरा नसेल. आज मात्र शाळांच्या ग्रंथालयांत हे पुस्तक साधारण पाचवी-सहावीच्या पुढच्या कपाटात सापडतं. पाच वर्षांच्या मुलाला त्याचं पहिलं पानही स्वतःचं स्वतः वाचता येणार नाही. मग रेनर चुकला म्हणायचा का?

अजिबात नाही. आणि कपाट लावणाराही चुकलेला नाही. दोघांचंही बरोबर कसं असू शकतं, हे बघायला लागलं की एक साधंसं वाटणारं काम भलतंच खोल निघतं. शाळेत नव्या कथा-कादंबऱ्यांचा गठ्ठा येतो. ग्रंथपाल, आणि ग्रंथपाल नसेल तिथे मराठीच्या बाई, एकेक पुस्तक चाळून ठरवतात: हे तिसरीला, हे सातवीला, हे नकोच. पुस्तकामागे दहा-पंधरा मिनिटं. त्या तेवढ्या वेळात बाई कशाकशाची मोजणी करत असतात, याची त्यांना स्वतःलाही पुरती कल्पना नसते.

सुरुवात कानापासून करू. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक समीकरण मांडलं. वाचून समजणं म्हणजे काय? तर अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नाही हं, गुणाकार! सगळी गंमत त्या फुलीत आहे. पाच वर्षांच्या मुलीला राक्षस, खजिना, शपथ, दगाबाजी सगळं कळतं, पण अक्षरं येत नाहीत. एका बाजूला भलीमोठी संख्या आणि दुसऱ्या बाजूला शून्य, गुणाकार शून्य. आता तिच्या शेजारी बसून कुणी वाचून दाखवायला लागलं की अक्षरं उलगडण्याचं काम दुसऱ्याच्या डोळ्यांकडे जातं आणि तोच गुणाकार क्षणात टोलेजंग होतो. म्हणजे प्रत्येक गोष्टीला दोन वयं असतात, एक कानाचं आणि एक डोळ्याचं. मुलाचा कान डोळ्याच्या पुढे असतो, तोही वर्षानुवर्षं. सातवी-आठवीच्या सुमारास कुठे डोळा त्याला गाठतो. रेनर कानाचं वय सांगत होता, कपाट डोळ्याचं सांगतंय. पुस्तकाच्या पाठीवर ‘८+’ छापणारे मात्र यातलं कुठलं वय ते कधी सांगत नाहीत. तिथेच निम्मे घोटाळे होतात.

आता डोळा. आत्ता हे वाक्य वाचताना तुमची नजर ओळीवरून सरळ सरकतेय असं तुम्हाला वाटत असेल. ती सरकत नाहीये, उड्या मारतेय. एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे ध्यानात आलं. डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग पुढे झेप घेतो, पुन्हा थांबतो. झेपेच्या काळात त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही! थांबतो तेव्हाही स्पष्ट दिसतात ती मोजकीच अक्षरं. त्या तुकड्यांतून मेंदू सलग ओळ विणतो आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. नवशिक्या वाचकाची नजर जास्त वेळा थांबते, जास्त वेळ थांबते आणि वरचेवर मागे जाते. ओळीच्या शेवटापर्यंत पोचताना सुरुवात विसरायला होते.

म्हणून पहिली-दुसरीच्या पुस्तकात ओळ कुठे तुटते ही मामुली बाब नसते. ‘आजीनं माळ्यावरची लाल’ इथे ओळ संपली आणि ‘पेटी खाली काढली’ पुढच्या ओळीत गेलं, तर मुलाच्या हातात नुसता ‘लाल’ राहतो. लाल काय? ‘आजीनं माळ्यावरची / लाल पेटी / खाली काढली’ असं मांडलं की तोच मजकूर, तेच शब्द, आणि तरी पुस्तक सोपं झालं. लेखकानं काही केलं नाही, मांडणी करणाऱ्यानं केलं.

आणि आपली लिपी! शाळेच्या फळ्यावरचे ‘वार्षिक परीक्षा’ हे दोन शब्द घ्या. त्यातलं ‘र्षि’ हे अक्षर जरा निरखून बघा. उच्चार करताना जीभ आधी र म्हणते, मग ष, मग इ. आता डावीकडून उजवीकडे नजर फिरवा: आधी दिसते वेलांटी, मग ष, आणि शेवटी डोक्यावरचा रफार. डोळ्याला मिळणारा क्रम जिभेला हव्या असलेल्या क्रमाच्या बरोबर उलटा! तुम्ही आणि मी हे निमिषार्धात करतो. सात वर्षांच्या मुलाला मात्र तीन तुकडे गोळा करून, मनात धरून, उलटे फिरवून मग उच्चारायचे असतात. हे सगळं एका अक्षरासाठी. हिंदी वाचकांवर झालेल्या प्रयोगांत पहिल्या वेलांटीच्या शब्दांना एरवीपेक्षा जास्त वेळ लागतो असं दिसलं आहे, आणि ते वाचक तर सरावलेले होते.

म्हणूनच नवशिक्यांसाठी जोडाक्षरं टाळून लिहिलेल्या गोष्टी असतात. त्या लिहिणं किती अवघड आहे ते करून बघा. ‘म्हणाला’ लिहिता येणार नाही, म्ह जोडाक्षर. ‘गोष्ट’ नाही, ‘पुस्तक’ नाही, ‘तुम्ही’ नाही. ‘राजूच्या घरी’ नाही, कारण ‘च्या’ जोडाक्षर. ‘माझ्या’, ‘तुझ्या’, ‘त्याला’, ‘तिच्या’ सगळं हद्दपार. मराठीतली विभक्ती हलली की जोडाक्षर हजर! आणि या अडचणीतून वाट काढून वाक्य नैसर्गिक बोलल्यासारखं वाटायला हवं. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या पुस्तकाचं नावच बघा: एक जोडाक्षर नाही, आणि ओढूनताणून जमवल्याची खूणही नाही. उलट जोडाक्षर टाळायच्या नादात ‘कमल घर बघ, बदक बघ’ छापाचं बोलणं आलं, तर ते पुस्तक बाजूला ठेवावं. असं कुणी बोलत नाही हे मुलांना पक्कं कळतं.

हे सगळं यंत्राला मोजता येणार नाही का? माणसानं तोही उद्योग केला आहे. व्हिएन्नात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये एक सूत्र दिलं. त्यात फक्त दोन गोष्टी मोजायच्या: वाक्यात शब्द किती, आणि शब्दात उच्चाराचे अवयव किती. एवढ्यावरून मजकूर किती सोपा ते सांगता येतं. १९७५ मध्ये अमेरिकन नौदलानं त्याची सुधारलेली आवृत्ती करवून घेतली, खलाशांना तांत्रिक माहितीपुस्तिका समजतील की नाही हे ताडायला. मजकूर कुठल्या इयत्तेचा, ते ती आकड्यात सांगते. यंत्रदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी घडवलेली ती मोजपट्टी पुढे थेट मुलांच्या गोष्टींना लावली गेली.

परिणाम काय होतो? अमेरिकेतल्या शाळांत लेक्साइल नावाचं असंच एक मापन चालतं. तेही मुख्यतः वाक्याची लांबी आणि शब्दाचा रुळलेपणा बघतं. त्या मापानं जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीला मिळतात ६८० गुण. म्हणजे साधारण तिसरीचा मजकूर! कर्ज आणि धुळीच्या वादळांनी उखडलेल्या शेतकरी कुटुंबांची ही कहाणी, १९३९ ची. आणि व्यंगचित्रांनी भरलेली, शाळकरी पोराच्या उचापतींची ‘डायरी ऑफ अ विंपी किड’? तिला नऊशेच्या वर. का? स्टाइनबेकची माणसं छोट्या वाक्यांत बोलतात, म्हणून. वांग्याच्या भरिताची चव वजनकाट्यावर घेतली की असंच व्हायचं. काटा खोटं बोलत नाही, वजन बरोबरच सांगतो.

मराठीत तर फ्लेश यांचं सूत्र पहिल्याच पावलाला ठेचकाळतं. ‘शेजाऱ्यांच्याकडूनसुद्धा’ हा मराठीत एक शब्द. आपल्याकडे नाम प्रत्ययांची आणि शब्दयोगी अव्ययांची शेपटी लावून फिरतं. लांबलचक शब्द म्हणजे अवघड शब्द हे इंग्रजी गणित इथे चालत नाही. चार वर्षांचं मूलही ‘आजीच्याकडेच’ बिनदिक्कत म्हणतं. मग आपल्याकडे पातळी कशी ठरवतात? प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या २०१५ पासून चालू असलेल्या मोफत संकेतस्थळावर कितीतरी भारतीय भाषांतल्या गोष्टी आहेत. तिथे गोष्टींच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत. पहिलीत अडीचशेपर्यंत शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत आणि चौथीत त्याहून जास्त. पण पायरी ठरते ती नुसत्या शब्दसंख्येवर नाही. वाक्य किती गुंतागुंतीचं, कल्पना किती उलगडत जाणारी, हेही तिथे धरलेलं असतं, आणि ते बघायला माणूसच लागतो.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर एक आकडा ऐका. १९८८ मध्ये डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी इंग्रजीत दर हजार शब्दांमागे विरळा शब्द किती येतात ते मोजलं. पदवीधर माणसं आपसात गप्पा मारतात तेव्हा सुमारे १७. आणि मुलांच्या पुस्तकांत? सुमारे ३१! म्हणजे मुलाच्या दप्तरातल्या एखाद्या साध्या कादंबरीत, दिवाणखान्यातल्या सुशिक्षितांच्या गप्पांच्या जवळजवळ दुप्पट दुर्मीळ शब्द. ‘हा शब्द मुलांना कळणार नाही’ म्हणून पुस्तक परत करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तो शब्द मुलांना भेटणार असेल तर पुस्तकातच भेटेल, आपल्या बोलण्यात तो यायचा नाही.

इथवर डोळे-कान झाले. पण गोष्ट वाचली जाते त्यांच्याही मागे, आणि तिथली नवलाई काही औरच आहे.

भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी तुम्हाला माहीत आहे. वाटेत वाघ दबा धरून बसलेला. वाघाला दिसतो नुसता भोपळा. ही गोष्ट आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो, पण तिच्या पोटात काय दडलंय बघा. म्हातारी आत आहे, हे आपल्याला माहीत आहे. वाघाला माहीत नाही. आणि वाघाला माहीत नाही, हेही आपल्याला माहीत आहे! सगळी मजा या तिसऱ्या वाक्यात आहे. तीन वर्षांच्या मुलाला हे तिसरं वाक्य उमगतं का?

हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांच्या गोष्टीत माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. माक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? तुम्ही म्हणाल, पहिल्या कपाटात, विचारायचं काय त्यात! तीन वर्षांची मुलं मात्र दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवतात. चॉकलेट तिथे आहे ना, मग माक्सी तिथेच जाणार. आपल्या डोक्यात जे आहे ते दुसऱ्याच्या डोक्यात नसू शकतं, ही जाणीव चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आसपास उगवते. त्याआधी भोपळ्याच्या गोष्टीतला आनंद असतो गडगडण्याचा आणि टुणूक टुणूकचा. त्यानंतर तो होतो गुपिताचा. तीच गोष्ट, तीच आजी सांगणारी, आणि दीड वर्षाच्या अंतरानं मुलासाठी ती दुसरीच गोष्ट झालेली!

या एका जाणिवेवर जगातल्या कितीतरी चित्रकथा उभ्या आहेत. इंग्लंडच्या पॅट हचिन्स यांचं १९६८ चं ‘रोझीज वॉक’ घ्या. कोंबडी फिरायला निघते आणि जेवायच्या वेळी घरी येते. जेमतेम ३२ शब्द, तेही सगळे एकाच वाक्यात. चित्रांत पानोपानी तिच्या मागे एक कोल्हा आहे, आणि तो दर वेळी फजीत होतो. मजकुरात कोल्ह्याचं नावसुद्धा नाही! वाचून दाखवणारा मोठा माणूस शब्दांवर नजर ठेवून पुढे जातो, आणि अक्षरओळख नसलेलं मूल ओरडतं, ‘मागे बघ, मागे!’ वाक्याच्या लांबीवर जाणाऱ्या सूत्राला या पुस्तकाचं काय कळणार? ३२ शब्दांचं वाक्य, म्हणजे अवघड. आणि कोल्हा तर त्याच्या हिशेबात नाहीच.

पुढची पायरी सहा-सात वर्षांच्या सुमारास येते: अमक्याला काय वाटतंय असं तमक्याला वाटतंय, हे ओळखणं. हे जमलं की रहस्यकथेचं दार उघडतं. फुरसुंगीच्या बनेश फेणेच्या करामती भा. रा. भागवतांनी लिहिल्या, त्या तिसरी-चौथीच्या आधी पुरत्या पचत नाहीत. त्याचं कारण शब्द नव्हेत. चोरांना वाटतंय की पोराला काही ठाऊक नाही, आणि पोर तसंच भासवतंय, ही दुहेरी गाठ मनात धरता यायला हवी. उपरोध आणखी उशिरा. ‘वा, काय हुशार आहेस!’ हे सहा वर्षांच्या मुलाला बऱ्याचदा कौतुकच वाटतं.

आणि सर्वांत चकवा देणारी पुस्तकं म्हणजे मूल ज्यात ‘मी’ म्हणून बोलतं ती. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला लंपन शाळकरी आहे. म्हणून ते मुलांचं पुस्तक का? सुमी समोर आली की लंपनला काहीतरी होतं. काय होतं ते त्याला कळत नाही, वाचणाऱ्याला कळतं. कथेचा सगळा रस त्या फटीत साठलेला आहे. पाचवीतला वाचक लंपनच्या बाजूला उभा असतो, त्याला फट दिसतच नाही. त्याला दिसते शाळेतली धमाल, आणि तीही काही कमी नाही. मी ते आठवीच्या पुढे ठेवेन, पण सहावीतल्या कुणी मागितलं तर देईन. नायकाच्या वयावरून वाचकाचं वय ठरवणं ही फसवी खूण आहे. एरवी मुलांना नायक आपल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा आवडतो, हे बाल-प्रकाशनातलं जुनं व्यवहारज्ञान मात्र बहुतेक वेळा खरं ठरतं.

आतापर्यंत आपण असं धरून चाललो, की पुस्तकात एक वय दडलेलं आहे आणि ते शोधायचंय. याला सुरुंग लावणारा एक प्रयोग आहे. १९८८ मध्ये डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीतली ६४ मुलं घेतली. काही वाचनात पक्की, काही कच्ची. काहींना बेसबॉल चांगला ठाऊक, काहींना नाही. सगळ्यांना एका बेसबॉल सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि लाकडी खेळाडू ठेवलेल्या छोट्या मैदानावर ते करून दाखवायला सांगितलं. कोण जिंकलं असेल? वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं. वाचनात पक्क्या पण खेळात अनभिज्ञ मुलांना त्यांनी सरळ मागे टाकलं! एका तासासाठी ‘कच्ची’ आणि ‘पक्की’ या पाट्याच अदलाबदल झाल्या.

म्हणजे पुस्तकाची पातळी पुस्तकात नसतेच. ती पुस्तक आणि मूल यांच्या मधल्या जागेत असते. रापणीला जाळं ओढणाऱ्या माणसांची कादंबरी मालवणच्या चौथीतली मुलगी घडाघडा वाचेल, आणि चंद्रपूरच्या सातवीतला मुलगा तिसऱ्या पानावर अडखळेल. उलट तेंदूपत्त्याच्या हंगामाची गोष्ट असेल तर तोच मुलगा तिला समजावून सांगेल. मग ती कादंबरी कितवीची? एकच आकडा छापायचा तर कुठल्या गावाचा छापायचा?

हा आकड्याचा वाद इंग्लंडमध्ये चांगलाच पेटला होता. २००८ मध्ये तिथल्या प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर वय छापायचं ठरवलं, तेव्हा फिलिप पुलमन यांच्यासारखे बालसाहित्यिकच विरोधात उभे राहिले. त्यांचा मुद्दा चटका लावणारा होता. बारा वर्षांचा, सावकाश वाचणारा मुलगा ‘७+’ छापलेलं पुस्तक वर्गात बाहेर काढेल का? मग त्यानं वाचायचं काय? एडिनबरोत सुरू झालेली बॅरिंग्टन स्टोक ही प्रकाशनसंस्था नेमकी अशा मुलांसाठी कादंबऱ्या काढते. अक्षरांचं वळण खास घडवलेलं, कागद डोळ्यांवर न येणारा पिवळसर, वाक्यं आटोपशीर. पण विषय मात्र मोठ्या मुलांचे, त्यांच्या रागलोभाचे. डोळ्याचं वय आठ आणि मनाचं तेरा, असं मुद्दाम जमवलेलं पुस्तक! मराठीत अशा पुस्तकांची केवढी तरी गरज आहे, आणि आपण आठवीतल्या अडखळणाऱ्या मुलाच्या हाती अजूनही सशाची गोष्ट ठेवतो.

मनाचं वय म्हटलं की पहिला प्रश्न येतो दुःखाचा. गोष्टीत मरण असेल तर कुठल्या वयाला द्यायची? १९५२ च्या ‘शार्लट्स वेब’मध्ये मुलांची लाडकी कोळीण शेवटी मरते. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, आणि तिच्यात आई जाते हे पुस्तक उघडण्याआधीच अर्ध्या महाराष्ट्राला माहीत असतं. तरी पिढ्यांनी ती लहान वयात वाचली. कशी सोसली? तिची रचना बघा. मोठा झालेला श्याम आश्रमात, रात्रीच्या वेळी, सोबत्यांच्या घोळक्यात बसून आईच्या आठवणी सांगतोय. म्हणजे पहिल्या पानापासून वाचणाऱ्या मुलाला एक खात्री मिळालेली असते: हा मुलगा यातून तरला, मोठा झाला, आता चारचौघांत बसलाय. दुःख तितकंच, पण धरायला कठडा आहे. नवं पुस्तक तपासताना मी मरण आहे का ते बघत नाही. तो कठडा आहे का, ते बघतो.

इतकं सगळं जाणणारा तज्ज्ञ बिनचूक असेल ना? मग ॲन कॅरल मूर यांची गोष्ट ऐका. १९०६ पासून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या त्या प्रमुख. लहान मुलांना ग्रंथालयाच्या दारातही उभं करत नसत त्या काळात त्यांनी मुलांसाठी सुंदर दालनं उघडली, छोट्या खुर्च्या मांडल्या, मुलांच्या सहीवर पुस्तकं घरी दिली. बाईंचे उपकार मोठेच. पण त्यांच्याकडे एक रबरी शिक्काही होता: तज्ज्ञांच्या मते हे पुस्तक खरेदीयोग्य नाही. आणि तो जिथे उमटे तिथे प्रकाशकांचे धाबे दणाणत. ई. बी. व्हाइट यांचं ‘स्टुअर्ट लिटल’ छापूच नये म्हणून त्यांनी लेखकाच्या घरी पत्र धाडलं. १९४१ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तरी त्यांच्या आवडीनिवडींचा दरारा हटला नाही. १९४७ मध्ये ‘गुडनाइट मून’ हे झोपताना वाचायचं चिमुकलं पुस्तक निघालं. ग्रंथालयानं ते घेतलं नाही. देशभरातली मुलं ते ऐकत झोपू लागली, आणि या ग्रंथालयाच्या फडताळात ते पोचलं १९७२ मध्ये. पुढे २०२० मध्ये ग्रंथालयानं आपल्या १२५ वर्षांत सर्वाधिक वेळा घरी गेलेल्या दहा पुस्तकांची यादी काढली. पहिलं आलं ‘द स्नोई डे’, ४,८५,५८३ वेळा नेलेलं. ‘गुडनाइट मून’ दहांत नव्हतं. मात्र यादीखाली त्याचा वेगळा उल्लेख करून, आपण ते पंचवीस वर्षं घेतलंच नव्हतं, हे सांगणं ग्रंथालयाला भाग पडलं!

मग शेवटचा परीक्षक कोण? तो कपाटासमोर उभा आहे, आणि त्याच्याकडे एक छोटीशी चाचणी आहे. बऱ्याच शाळांत मुलांना ती शिकवतात. पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं, एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर सध्या हे पुस्तक जड. पोरखेळ वाटतो ना? पण मुलांच्या कादंबरीच्या पानावर शंभराच्या आगेमागे शब्द असले, तर पाच बोटं म्हणजे शंभरातले पंच्याण्णव शब्द ओळखीचे. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांवर संशोधकांनी प्रयोग केले, तेव्हा बिनमदतीनं वाचता यायला ९५ ते ९८ टक्के शब्द माहीत हवेत असाच आकडा निघाला. प्रयोगशाळेची सीमारेषा आणि मुलाची करंगळी एकाच जागी येऊन थांबतात!

अर्थात ज्याला डायनासोरचं वेड आहे त्याची पाच बोटं पहिल्याच परिच्छेदात मिटतात. टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स, जीवाश्म, क्रेटेशियस, उत्खनन. मूठ आवळून तो म्हणतो, ‘बाई, हेच पाहिजे.’ बाईंनी नोंदवहीत क्रमांक टाकावा आणि रांगेतल्या पुढच्याला हाक मारावी.